भुयार आणि कागद

"काका, मराठीत चांगली ऐतिहासिक मर्डर मिस्ट्री कुठली आहे हो?"

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी हा प्रश्न आला. विचारणारी आमच्याच इमारतीतली, कॉलेजात इतिहास घेतलेली मुलगी. तिच्या मांडीवर सुजाता मॅसींची 'द विडोज ऑफ मलबार हिल' होती. १९२१ची मुंबई, परवीन मिस्त्री नावाची पारशी वकीलबाई, पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा आणि घरातच पडलेला खून. इंग्रजीत असलं ढिगानं मिळतं, आपल्याकडे काय आहे, असा तिचा रोख. मी सवयीनं "आहेत की" म्हणालो, पहिलं नाव सांगायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

ऐतिहासिक कादंबऱ्या विचारल्या असत्या तर पार्काची फेरी पुरी होईपर्यंत नावं सांगितली असती. रहस्यकथा विचारल्या असत्या तरी तेच. पण दोन्ही एकाच पुठ्ठ्यात? आपल्या घरात ही दोन कपाटं वेगळी असतात. एक दिवाणखान्यात, काचेचं, त्यात 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'छावा', 'पानिपत'. दुसरं कपाट नसतंच. पलंगाखालचा खोका असतो, रद्दीवाल्याची वाट बघणारा. इतिहास आणि रहस्य या भावांची वाटणी कधी झाली, हे मी तिला सांगायला बसलो. नावं मागितली होती, पदरात पडली कुळकथा. पण कट्ट्यावर बसलेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारला तर एवढी जोखीम घ्यावीच लागते.

कुळकथा सुरू करायला लांब जायला नको. बसलो होतो त्या जागेच्या नावातच एक ऐतिहासिक रहस्यकथा आहे. महापालिकेनं १९२५ साली हे मैदान केलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं ते शिवाजी पार्क झालं. त्याच वर्षी का? कारण तेव्हा शिवजन्माची त्रिशताब्दी साजरी होत होती. आता तीनशे वजा करा: १६२७. आणि आपण शाळेत शिकलो ते साल कुठलं? १६३०. म्हणजे पार्काचं बारसं आपल्या आजच्या हिशेबानं तीन वर्षं आधीच उरकलं.

ही नगरपित्यांची चूक नव्हे. जुनी रूढ तिथी शके १५४९मधली, वैशाखातली होती आणि बखरींच्या आधारानं बहुतेक लोक तीच धरून चालत. पण भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तरात एक शकावली होती. शकावली म्हणजे कोरडं टिपण: अमुक शके, अमुक तिथी, अमुक घडलं. ना उपमा, ना अलंकार. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत शिवजन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, असा नोंदलेला. एका दप्तरावर कोण विश्वास ठेवणार? पण तंजावरला सापडलेल्या, परमानंदाच्या 'शिवभारता'त तीच तिथी निघाली. जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहातली कुंडलीही तिच्याशी जुळली. भोर, तंजावर, जोधपूर: तीन साक्षीदार, एकमेकांना न भेटलेले, आणि जबानी एकच. महाराष्ट्र शासनानं पुढे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. बघा, यात खून नाही, पण बाकी सगळं आहे. जुना समज, नवा पुरावा, साक्षीदारांची उलटतपासणी, आणि शेवटी निकाल. निकालापर्यंत पोचायला लोकांची आयुष्यं गेली.

"यावर कादंबरी आहे?" मुलीनं विचारलं. माझ्या माहितीत नाही. आणि तिथेच आमच्या कुळाची खोच आहे.

मुळाकडे जाऊ. 'कादंबरी' हा शब्दच मुळी एका बाईचं नाव. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या संस्कृत कथेची नायिका. बाण ती कथा पुरी न करताच गेला आणि ती त्याच्या मुलानं तडीस नेली, म्हणजे आपली आद्य कादंबरीच 'क्रमशः' राहिलेली. मराठीनं त्या नायिकेचं नाव साऱ्या जातीला देऊन टाकलं. 'रहस्य' हा शब्द 'रहस्', म्हणजे एकांत, यातून आला. त्याचा प्रवास तर आणखी मौजेचा. टिळकांचं 'गीतारहस्य' आलं १९१५ साली. तोच शब्द पुढे पिवळ्या कागदावरच्या, पिस्तुलाचं चित्र असलेल्या पुस्तकांवर चढला. एकाच शब्दानं कर्मयोगही सांगितला आणि तिजोरीही फोडली.

मराठीत दोन्ही भाऊ एकाच घरात जन्मले. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी १८६७ साली मुंबईत 'विविधज्ञानविस्तार' सुरू केलं आणि त्यातून 'मोचनगड' क्रमानं छापली. ती १८७१ची, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून मोजतात. गड काल्पनिक, काळ शिवाजी महाराजांचा. त्याच सुमाराला, १८६८ साली, तिकडे लंडनच्या एका साप्ताहिकात विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' हप्त्यांनी येत होती. इंग्रजी गुप्तहेर कादंबरीची ती आद्य पोथी, आणि तिची सुरुवात कुठे होते? १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात, टिपूच्या राजधानीची लूट चालू असताना. हिरा मूळचा सोमनाथच्या मूर्तीचा. साहेबाच्या रहस्यकथेच्या पायाचा दगडही असा आपल्या इतिहासातून चोरलेला आहे.

दोन्हीकडे कारण एकच होतं: नियतकालिक. पुढच्या अंकाची वर्गणी भरायला लावायची तर या अंकाच्या शेवटी कुणीतरी विहिरीत पडलं पाहिजे. हरिभाऊ आपट्यांनी हे नेमकं ओळखलं. १८९० साली त्यांनी 'करमणूक' काढलं आणि पुढे पाचेक वर्षांनी त्यात 'उषःकाल' सुरू केली. आज ती आपण स्वराज्याची प्रस्तावना म्हणून आदरानं वाचतो, पण एकदा आदर बाजूला ठेवून वाचून बघा. ओसाड मारुतीचं देऊळ, वेषांतर केलेली माणसं, अर्धवट ऐकू आलेली बोलणी, रात्रीची खलबतं. हरिभाऊ थोर समाजचिंतक होते हे खरंच, पण हप्त्याच्या शेवटी वाचकाला टांगून कसं ठेवायचं हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

याच घरात एक पाहुणा येऊन कायमचा राहिला: रेनॉल्ड्स. जॉर्ज रेनॉल्ड्स इंग्लंडात गल्लीबोळातला लेखक समजला जाई. हिंदुस्थानात त्याची पारायणं होत. गोविंद नारायण दातारशास्त्र्यांनी त्याच्या कादंबऱ्यांना मराठी पोशाख चढवला: 'कालिकामूर्ति', 'इंद्रभुवनगुहा', 'बंधुद्वेष'. लंडनच्या तळघरांची आमच्याकडे भुयारं झाली आणि सरदारांचे संस्थानिक. नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ची. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचं खरं नाव. सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. अंथरुणावरून त्यांनी लिहिलं आणि पुढे शिवकालावरची कादंबऱ्यांची मोठी मालिकाच उभी केली. तेवढी मोठी पेशवाईची मालिका वि. वा. हडपांनी लिहिली. या सगळ्यांत इतिहास आणि रहस्य यांच्यामध्ये भिंत नव्हती. होतं ते भुयार.

भुयार हे या घराण्याचं कुलचिन्ह म्हणा. चोरदरवाजा, चोरवाट, तळघर, फिरणारी शिळा, दिव्याखालची कळ. हे निव्वळ कल्पनेचे खेळ नव्हेत. आपल्या गडांवर चोरदिंड्या असतातच. पण कादंबरीकाराला भुयार आवडतं ते वेगळ्या कारणासाठी. भुयारात युक्तिवाद करावा लागत नाही. पुरावा जुळवावा लागत नाही. कळ दाबली की शिळा सरकते आणि उत्तर मशालीच्या उजेडात उभंच असतं.

मग वाटणी झाली. विसाव्या शतकाच्या मध्यावर रहस्यानं इतिहासाचं घर सोडलं आणि ते मुंबईत राहायला आलं. चंद्रकांत सखाराम चव्हाण, म्हणजेच बाबूराव अर्नाळकर, यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंझार, काळापहाड ही त्यांची मुलं. योगायोग असो वा हेतू, काळापहाड हे नाव मात्र इतिहासातलंच, सोळाव्या शतकातल्या बंगालच्या एका सेनापतीचं. बाबूरावांच्या मागून गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर आले. दादर-गिरगावातल्या फिरत्या वाचनालयांचा संसार या मंडळींवर चालला. माझ्या लहानपणी आणलेल्या अशा एका पुस्तकाच्या अकराव्या पानावर, समासात, आधीच्या वाचकानं पेन्सिलीनं सुबक अक्षरात लिहून ठेवलं होतं: "खुनी दिवाणजी." वाचनालयवाल्याकडे तक्रार केली तर त्यानं खोडरबर पुढे केलं. मी खोडलं. पण मनातून कसं खोडणार? पुढची दीडशे पानं मी दिवाणजीकडे टक लावून बघत होतो. आणि खुनी दिवाणजी नव्हताच. त्या पेन्सिलवाल्यानं मला फसवलं होतं. मी वाचलेली ती सर्वांत उत्तम रहस्यकथा असावी, आणि तिचा अर्धा लेखक तो अनामिक.

इकडे इतिहासाच्या वाट्याला भक्ती आली. १९६२च्या 'स्वामी'नंतर ऐतिहासिक कादंबरी म्हणजे थोर पुरुषाचं अंतरंग, असं समीकरणच बसलं. मी त्या कादंबऱ्यांना नावं ठेवत नाही, मीही त्या रात्रीच्या रात्री जागून वाचल्या आहेत. पण भक्तीत संशयाला जागा नसते, आणि संशय नसेल तर तपास कशाचा करणार? त्या पोरीला मी हेच म्हणालो: वाचक 'स्वामी'तल्या माधवरावांसाठी रडतो, पण साक्षीदार खोटं बोलतोय का, हे तपासत नाही.

गंमत अशी की घराच्या तिसऱ्या खोलीत तपास जोरात चालू होता. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला. वाईला सापडलेली, पानिपताच्या आगेमागची पत्रं त्यात होती. हा माणूस स्वतःच्या हातानं स्वयंपाक करत गावोगाव हिंडला, लोकांच्या माळ्यावरचे, उंदरांनी कुरतडलेले रुमाल सोडवत. रुमाल म्हणजे दप्तर बांधायचं फडकं, आणि त्यावरून आतला कागदांचा गठ्ठाही. हस्ताक्षर कुणाचं, शिक्का खरा का, तिथी आणि वार जुळतात का, कागद कुठल्या काळचा: शेरलॉक होम्सनं करावीत ती सगळी कामं ही मंडळी करत होती. राजवाडे कादंबरीबद्दलही लिहून गेले. पण कादंबरीकार त्यांच्याकडे गेला तो शिवाजी महाराजांची तलवार मागायला. त्यांचं भिंग मागितलं नाही.

आता प्रकरणं तरी कमी आहेत का? ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'ध'चा 'मा' ही त्यातली खाडाखोड इतकी प्रसिद्ध, की मराठीत तो वाक्प्रचारच होऊन बसला. म्हणजे पुराव्यातला एक फेरफार आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. पण ज्या कागदावर तो झाला म्हणतात, तो कागद दाखवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी तपास करून नारायणरावांचे काका राघोबादादांनाच दोषी धरलं. प्रभातनं १९४४ साली 'रामशास्त्री' काढला. त्याच वर्षी अगाथा ख्रिस्तीनं प्राचीन इजिप्तमधल्या खुनांवर 'डेथ कम्स ॲज दि एंड' लिहून इंग्रजीत ऐतिहासिक खूनकथेची वाट पाडली. आपला तपासनीस पडद्यावर पोचला होता, कादंबरीत मात्र न्यायमूर्ती म्हणूनच राहिला. किंवा तोतयाचं प्रकरण घ्या. पानिपतात सदाशिवरावभाऊ पडले, पण 'मीच भाऊ' म्हणून एक इसम उभा राहिला, फौज जमवून बसला. पुण्यात त्याची चौकशी झाली आणि १७७६ साली त्याला मारण्यात आलं. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' लिहिलं, तेही नाटक. ओळख पटवण्याचा एवढा मोठा पेच, आणि त्यावर चांगली तपासकथा म्हणून बोट ठेवावं असं पुस्तक मला आठवेना.

मग एकदम 'झेप' आठवलं.

जोसेफिन टेची 'द डॉटर ऑफ टाइम' १९५१ची. पाय मोडून इस्पितळात पडलेला इन्स्पेक्टर तिसऱ्या रिचर्डचं चित्र बघतो आणि कागदांच्या आधारानं साडेचारशे वर्षांपूर्वीच्या पुतण्यांच्या खुनाचा खटला पुन्हा उघडतो. (अंथरुणाला खिळलेला तपासनीस वाचताना मला दर वेळी नाथमाधव आठवतात.) ना. सं. इनामदारांनी बारा वर्षांनी, १९६३ साली, 'झेप'मध्ये जवळपास तेच धाडस केलं. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन जुलै १८१५मध्ये पंढरपुरात, विठोबाचं दर्शन घेऊन परतताना मारले गेले. इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टननं बोट दाखवलं दुसऱ्या बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांकडे आणि इतिहासानंही तोच निकाल वाचून दाखवला. इनामदारांनी त्या आरोपीलाच नायक केलं. वरून ती नेहमीसारखी ऐतिहासिक कादंबरी दिसते, काचेच्या कपाटातली. पण वाचताना प्रश्न टोचत राहतो: खुनाचा फायदा कुणाला झाला? दोन वर्षांत, १८१७ला, बाजीरावाला पुण्याचा तह गिळावा लागला. या प्रश्नाचं उत्तर कुठल्या भुयारात मिळत नाही. तहाची कलमं वाचावी लागतात.

म्हणून माझी पहिली शिफारस 'झेप'. बाकीची भराभर सांगतो. 'उषःकाल' वाच, पण हप्ता वाचतेयस असं समजून रोज एकच प्रकरण. 'मोचनगड' मिळाली तर कुळाचा मूळ पुरुष म्हणून. मुरलीधर खैरनारांची 'शोध' २०१५ची: १६७०च्या सुरतेच्या दुसऱ्या लुटीतला हरवलेला खजिना, आणि त्यासाठी आजची माणसं नाशिकच्या डोंगरांत फिरतात. त्या लुटीहून परतताना वणी-दिंडोरीला खरोखरच लढाई झाली होती, म्हणून भूगोल हाताला लागतो. प्रकाश कोयाड्यांची 'प्रतिपश्चंद्र', जिचं नाव राजमुद्रेतून आलं, ती तुझ्या वयाच्या मुलांनी हातोहात संपवली. या दोन्हींत काळ आजचा आणि कोडं इतिहासाचं. भुयार परत आलंय, फक्त आत मोबाइलचा टॉर्च आहे. मला त्या आवडल्या, पण खजिना सापडण्यापेक्षा खोटा कागद पकडला जाण्यात मला जास्त मजा येते, त्याला काय करणार! इंग्रजीत वाचायचंच असेल तर नेव्ह मार्च यांची 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे': १८९१ साली राजाबाई टॉवरवरून पडून गेलेल्या दोन पारशी स्त्रियांच्या खऱ्या घटनेवरून सुचलेली. आणि बंगाली येत असतं तर शरदिंदू बंद्योपाध्याय. ब्योमकेश बक्षीचा जनक १९३८ला बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईत आला, पुढे पुण्यात स्थायिक झाला आणि त्यानं शिवाजी महाराजांच्या फौजेतल्या सदाशिव नावाच्या पोराच्या साहसकथा लिहिल्या. गुप्तहेर लिहिणारा हात आणि शिवकाल, दोन्ही एकाच टेबलावर होते. भाषा तेवढी मराठी नव्हती.

"पण मग खून कुणी केला? त्रिंबकजीनं?"

ते मी सांगणार नव्हतो. पेन्सिलवाल्याचं काम मला करायचं नव्हतं. त्याऐवजी मी तिला ठाण्याची गोष्ट सांगितली. १८१५च्या सप्टेंबरात त्रिंबकजीला इंग्रजांच्या हवाली केलं, तेव्हा त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवला. तिथेच आज मध्यवर्ती कारागृह आहे. कुणी फितूर होऊ नये म्हणून पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई नेमले. किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मराठी मोतद्दार होता. साहेबाचा घोडा फिरवायला तो रोज कैद्याच्या खिडकीखालून जाई आणि जाता-येता गाणं म्हणत राही. गाण्यात सगळं होतं: सोबती कुठे थांबलेत, घोडा कुठे बांधलाय, कधी निघायचं. शिपाई ऐकत होते, रोज ऐकत होते. सप्टेंबर १८१६च्या एका रात्री शौचकूपाच्या भिंतीला भोक पडलं आणि त्रिंबकजी पसार झाला. पहारा चोख होता. फक्त मराठी कुणालाच येत नव्हतं.